क्रॉस स्लाइडचा नवा स्क्रू : डाव्या आट्यांच्या नोंदी

४ जानेवारी

माझ्या लेथच्या क्रॉस स्लाइडची, म्हणजे टूलला कामाकडे (फिरणाऱ्या तुकड्याकडे) नेणाऱ्या आणि मागे आणणाऱ्या सरकत्या भागाची, ढिल आज एकदाची मोजली. चुंबकी स्टँड बेडवर, डायल गेजची टोच टूल पोस्टला, आणि हँडल पुढे-मागे. स्लाइड हलायच्या आधी हँडलचे बावीस भाग रिकामे जातात. एक भाग ०.०२ मिमीचा, म्हणजे ढिल ०.४४ मिमी. पण ही मधल्या पट्ट्यात. स्लाइड पार माझ्याकडे ओढून घेतली की तीच ढिल ०.१८ वर येते. याचा अर्थ नटाबरोबर स्क्रूही झिजला आहे, आणि तोही जिथे रोजचं काम होतं तिथेच जास्त. त्यामुळे नुसता नट बदलून भागणार नाही. मधल्या झिजलेल्या भागावर नीट बसणारा नट टोकांना गेला की अडकेल. दोन्ही नवीन करायला हवेत.

स्क्रू काढून पाहिला. बाहेरचा व्यास १० मिमी, पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) १ मिमी, साधे साठ अंशांचे आटे. आणि डावे. स्क्रू उभा धरला की आट्यांचा चढ डावीकडे जातो.

डावे का, हे इतकी वर्षं हँडल फिरवूनही कधी मनात आलं नव्हतं. हा स्क्रू जागच्या जागी फिरतो, पुढे-मागे सरकत नाही. सरकतो तो नट, आणि नट स्लाइडला जोडलेला आहे. उजवे आटे असते तर हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर स्लाइड माझ्याकडे आली असती. डाव्या आट्यांमुळे ती कामाकडे जाते, आणि हाताला तेच बरोबर वाटतं. क्रॉस स्लाइडवर बसलेल्या छोट्या टॉप स्लाइडमध्ये स्क्रू स्वतः स्लाइडबरोबर सरकतो आणि नट खाली पक्का असतो, म्हणून तिथे उजवे आटे चालतात.

६ जानेवारी

आज फक्त कागदावर काम.

माझ्या लेथला लीडस्क्रू (आटे पाडताना टूल बेडवरून सरकवणारा लांब स्क्रू) उलटा फिरवायचा लिव्हर नाही. मोटर उलटी फिरते, पण तिचा इथे उपयोग नाही. मोटर उलटली की स्पिंडल (काम फिरवणारा मुख्य दांडा) आणि लीडस्क्रू दोघेही एकदमच उलटतात, त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही, आणि आटे उजवेच पडतात. डाव्या आट्यांसाठी स्पिंडल नेहमीसारखा फिरत असताना कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चककडून, म्हणजे काम धरणाऱ्या डाव्या टोकाकडून, उजव्या टोकाच्या टेलस्टॉककडे जायला हवं. म्हणजे गिअरच्या साखळीत एक गिअर वाढवायचा.

लीडस्क्रूचा पिच १.५ मिमी, मला हवा १. गुणोत्तर दोनास तीन. वर स्पिंडलकडे ४० दात, खाली लीडस्क्रूवर ६०. मध्ये एक आयडलर (नुसती फिरण्याची दिशा बदलणारा मधला गिअर) ठेवला की दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरतात आणि उजवे आटे मिळतात. दोन आयडलर ठेवले की डावे. आयडलरचे दात कितीही असले तरी गुणोत्तराला काही होत नाही, म्हणून हाताशी असलेले ३० आणि ४५ घेणार.

अडचण जागेची आहे. गिअर धरणाऱ्या बाहूला एकच लांब खाच, आणि तिच्यात दोन स्टड (गिअर ज्यांवर फिरतात त्या खुंट्या) हव्या त्या अंतरावर बसत नाहीत.

१० जानेवारी

दुसऱ्या स्टडसाठी पट्टी झाली. ६ मिमी जाडीची, दोन भोकांची. एक भोक बाहूवरच्या जुन्या स्टडवर बसतं, दुसऱ्यात नवा स्टड. गिअर मॉड्यूल १ चे (मॉड्यूल म्हणजे दातांचं माप), म्हणून ३० आणि ४५ च्या केंद्रांतलं अंतर ३७.५ मिमी येतं. भोकं ३७.६ वर पाडली, दातांना थोडा श्वास घ्यायला. पट्टी जुन्या स्टडभोवती झुलते, त्यामुळे ३० चा गिअर वरच्या ४० ला हवा तसा भिडवता येतो. दोन दातांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून गिअर दाबायचे, आवळायचे, कागद बाहेर काढायचा. कागदावर दातांचे वळ दिसले पाहिजेत, तो फाटलेला नको.

चक हाताने फिरवला. कॅरेज टेलस्टॉककडे निघालं. एवढी साधी गोष्ट, पण मी चार-पाच वेळा फिरवून पाहिली.

११ जानेवारी

ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर पहिला प्रयोग. टूल जुनंच, ज्याने आजवर सगळे उजवे आटे पाडले ते. आटे पडले, डावेच पडले, पण भिंग लावलं तर दोन बाजूंत जमीन-अस्मानाचा फरक. आट्याची एक कड आरशासारखी आणि दुसरी ओरबाडल्यासारखी. सगळे आटे असेच.

कारण ग्राइंडरशी उभं राहिल्यावर लक्षात आलं. उजवे आटे पाडताना टूल डावीकडे सरकतं, म्हणून डाव्या कडेखाली जास्त उतार दिलेला असतो. आता टूल उजवीकडे सरकतंय, आणि उजव्या कडेखाली तेवढी मोकळीक नाही. १० मिमी व्यास आणि १ मिमी पिचला आट्याचा कल साधारण २ अंश येतो (पिच भागिले मधल्या व्यासाचा परीघ). ऐकायला थोडा वाटतो, पण त्या कडेला मुळातच कमी उतार असेल तर हे २ अंश तो खाऊन टाकतात आणि टूल कापायच्या ऐवजी घासतं.

नवीन टूल घासलं. ८ मिमीचा एचएसएस (हाय स्पीड स्टील) चौकोनी तुकडा. उजव्या कडेखाली १० अंश, डावीखाली ६. टोक अगदी अणकुचीदार ठेवायचं नाही. १ मिमी पिचला टोकावर ०.१२५ मिमीची सपाटी हवी. तेलदगडावर दोन-तीन हात मारले की ती येते, जास्त मारायचे नाहीत.

ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नटही डाव्या आट्यांचाच असतो, हे घासता घासता समोरच दिसत होतं. दोन्ही चाकांचा वरचा भाग आपल्याकडे येतो. डाव्या टोकाला उजवा नट असता तर दर वेळी मोटर सुरू होताना बसणाऱ्या झटक्याने तो थोडा थोडा सुटत गेला असता.

१२ जानेवारी

नवीन टूल, त्याच ॲल्युमिनियमवर. दोन्ही कडा स्वच्छ.

१७ जानेवारी

आज टूलचं टोक गेलं. नीट लिहून ठेवतो, कारण डाव्या आट्यांचं सगळं मर्म इथेच आहे असं मला वाटायला लागलंय.

उजवे आटे पाडताना भीती शेवटाची असते. टूल चककडे धावत असतं आणि वेळेवर थांबवलं नाही तर आदळतं. डाव्यात शेवट मोकळा. टूल टेलस्टॉककडच्या बारीक केलेल्या टोकावरून हवेत निघून जातं, घाई नाही. पण सुरुवात कुठून करायची? टूल आधीच आट्याच्या तळापर्यंत खोल गेलेलं हवं, म्हणून चकच्या बाजूला एक खाच हवी, जिच्यात टूल उतरून वाट पाहील. मी ती २ मिमी रुंद केली होती. आट्याच्या तळापर्यंत, म्हणजे ०.६१ मिमी आत जाणारा टूलचा भाग जेमतेम ०.८ मिमी रुंद असतो, मग २ मिमी भरपूर, असा हिशेब.

हिशेबात दोन गोष्टी राहिल्या. पहिली, कॅरेजची ढिल. पिच १ आणि लीडस्क्रू १.५, त्यामुळे हाफनट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडता-मिटता येणारा नट) मध्येच उघडून पुन्हा कुठेही बसवता येत नाही. तो बंदच ठेवायचा आणि मोटर उलटी फिरवून परत यायचं. परत आल्यावर पुन्हा पुढे निघताना गिअरांची आणि हाफनटची ढिल आधी भरून निघते, मग कॅरेज हलतं. आज मोजलं : स्पिंडल ०.६ फेरा फिरतो तोवर कॅरेज जागचं हलत नाही. या वेळात टूलला कशालाही न शिवता उभं राहायला जागा हवी. म्हणजे प्रत्येक परतीला त्याने ०.६ मिमी जास्तच मागे यायला हवं. दुसरी गोष्ट, टूलची स्वतःची जाडी. टोक तुकड्याच्या मधोमध, म्हणून डाव्या बाजूला ४ मिमी पोलाद शिल्लक. खाचेच्या डावीकडे स्क्रूची कॉलर, म्हणजे जाड कडं, आहे, १६ मिमी व्यासाची. टूल मी २ मिमी मागे घेतलं होतं, कॉलर आट्यांपेक्षा ३ मिमी उंच. मोटर बंद केल्यावरही चक पाऊण फेरा फिरत राहिला आणि टूलची डावी बाजू कॉलरवर गेली. बारीकसा टक् आवाज, आणि टोक नाहीसं.

आता असं ठरवलंय. टूल पुन्हा घासायचं, टोक डाव्या कडेपासून १.५ मिमीवर, म्हणजे कॉलरच्या जवळ जाता येईल. खाच ४ मिमी. परतताना टूल ४ मिमी मागे, म्हणजे कॉलरच्याही बाहेर. आणि मोटर वापरायची नाही.

१८ जानेवारी

स्पिंडलसाठी हाताचं हँडल केलं. चिरलेली नळी, आत निमुळती खुंटी, बोल्ट आवळला की नळी फुगून स्पिंडलच्या मागच्या भोकात घट्ट बसते. हँडल लावलं की लेथची पिन सॉकेटमधून बाहेर काढायची आणि समोर ठेवायची, डोळ्यांना दिसेल अशी. त्यात सवलत नाही. हे हँडल बसलेलं असताना मोटर सुरू झाली तर ते हात मोडेल.

२४ जानेवारी

नटासाठी टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, लागेल. १०×१ डावा टॅप माझ्याकडे नाही, आणि ९ मिमीच्या भोकात बारीक टूल घालून आतून आटे पाडण्यापेक्षा टॅपच करणं मला सोपं वाटलं. त्याचा एक फायदाही आहे : टॅप आणि स्क्रू दोन्ही एकाच गिअर साखळीवर पडले की पिचमध्ये काही बारीक चूक असली तरी ती दोघांत सारखीच असेल.

टॅपसाठी १० मिमी सिल्व्हर स्टील (कडक करता येणारं पोलाद). ॲल्युमिनियमपेक्षा हे हाताला वेगळं लागतं. हँडल फिरवताना टूल कुठे कापतंय आणि कुठे अडतंय ते मनगटाला कळतं. टॉप स्लाइड बेडला समांतर ठेवली आणि दर वेळी क्रॉस स्लाइड जेवढी आत तिच्या निम्मी टॉप स्लाइड उजवीकडे. अशाने बहुतेक चिप पुढे चालणारी उजवी कड काढते आणि डावी फक्त हात फिरवते. दोन्ही कडांनी एकदम कापलं की दोन चिपा टोकाशी एकमेकींत अडकतात आणि पोलाद फाटतं. टॉप स्लाइडला ढिल आहे, पण इथे ती त्रास देत नाही. शेवटची हालचाल उजवीकडे असली की स्क्रू स्लाइडला उजवीकडून धरून असतो आणि कापण्याचा दाब डावीकडे, म्हणजे दाब स्क्रूवरच बसतो.

खोली अशी गेली : ०.१०, ०.१०, ०.०८, ०.०८, ०.०६, ०.०५, ०.०५, ०.०४, ०.०३, ०.०२. बेरीज ०.६१. मग तारा लावून मोजणी. ०.६ मिमीच्या तीन तारा, दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, त्यावर मायक्रोमीटर. मधला व्यास ९.३५ असेल तर तारांवरून १०.२८ यायला हवं. टॅप थोडा मोठा हवा म्हणून १०.३१ वर थांबलो.

२५ जानेवारी

टॅपला गोल कानशीने तीन खाचा घातल्या आणि पुढचे पाच आटे निमुळते केले. मग कापणाऱ्या कडेच्या मागे घासून उतार दिला. तिन्ही झाल्यावर सहज भोकाच्या तोंडाशी धरून फिरवायला गेलो आणि थांबलो. हा टॅप घड्याळाच्या उलट दिशेने फिरणार. त्याच्या कापणाऱ्या कडा खाचेच्या दुसऱ्या बाजूला आहेत, आणि त्याच मी घासून उतरवल्या होत्या. हाताला उजव्या टॅपचीच सवय.

पाणी चढवण्याच्या आधी कळलं म्हणून निभावलं. टॅप पुन्हा लेथवर घेतला, पुढचा बिघडलेला भाग कापून टाकला आणि मागच्या आट्यांवर नवीन निमुळता भाग काढला. आट्यांची लांबी मुद्दाम जास्त ठेवली होती, ती कामी आली. या वेळी आधी मार्करने फिरण्याचा बाण काढला, मग प्रत्येक खाचेच्या कापणाऱ्या कडेवर ठिपका दिला, आणि त्यानंतरच कानस उचलली.

२६ जानेवारी

टॅपला पाणी दिलं. मंद उजेडात चेरीसारखा लाल, लोहचुंबक चिकटेनासा झाल्यावर अजून किंचित, मग सरळ उभा पाण्यात, ढवळत. तिरका बुडवला तर वाकतो. कानस घसरली, म्हणजे कडक झाला. दांडा पॉलिश करून मागून हळूहळू तापवला, रंग पुढे सरकत गवती पिवळ्यावर आला तसा पुन्हा पाण्यात. हा रंग साधारण २३० अंशांचा.

३१ जानेवारी

नट. फॉस्फर ब्राँझ. ब्राँझमध्ये ड्रिल स्वतःच आत ओढलं जातं, म्हणून ड्रिलच्या कापणाऱ्या कडा तेलदगडाने किंचित बोथट केल्या. भोक ९ मिमी. टॅप टेलस्टॉकच्या सेंटरने सरळ धरला आणि उलटा फिरवत आत नेला. पहिले दोन फेरे मनाला पटेनात. हात ‘काढतोय’ म्हणतो आणि टॅप आत जातोय. नंतर लागलं.

आटे सुरेख पडले.

७ फेब्रुवारी

आज मुख्य काम, स्क्रू. ईएन८ पोलाद. कॉलर चककडे, १२० मिमी आटे टेलस्टॉककडे, टोकाला फिरतं सेंटर.

डाव्या आट्यांत आणखी एक उलटी गोष्ट आहे. टूल कामाला टेलस्टॉककडे ढकलतं. उजव्यात काम चकमध्ये दाबलं जातं, इथे ते चकमधून बाहेर ओढलं जातं. थोडं जरी सरकलं तरी आट्यावर आटा चढेल. म्हणून दांडा जबड्यांत पुरेसा खोल धरला आणि जबड्यांलगत मार्करची रेघ मारली. दर फेरीला आधी तिच्याकडे नजर. शेवटपर्यंत ती जबड्याला चिकटूनच होती. सेंटरकडेही लक्ष हवं, कारण कापताना स्क्रू तापून लांबतो आणि सेंटरवर दाब वाढतो. तीन-चार फेऱ्यांनी ते सोडून पुन्हा हलकं लावलं.

हिशेब असा : १२० मिमी म्हणजे १२० फेरे जाताना, १२० येताना. बारा वेळा. २,८८० फेरे. धाकटा भाऊ मदतीला आला, हँडल त्याने धरलं, मी टूल आणि तेल.

‘‘दादा, एवढं हातानेच?’’

‘‘हातानेच. खाचेत आलं की मी थांब म्हणेन, तिथल्या तिथे थांबायचं.’’

पाचव्या-सहाव्या फेरीनंतर मला थांब म्हणावंच लागलं नाही. खाचेत टूल आलं की तो आपोआप हळू व्हायचा. म्हणाला, आटे संपले की हँडल हलकं होतं, हाताला कळतं. मोटरवर हे कळलं नसतं. टूल मागे, परत, खाचेत टूल आत, थोडं पुढे फिरवून ढिल भरली, मग आटे. खाचेत टूल उभं आहे, चक फिरतोय आणि कॅरेज अजून हललेलं नाही, तो अर्धा फेरा आता मला दर वेळी स्पष्ट दिसत होता.

तारांवरून १०.३० आल्यावर प्रत्येक वेळी ०.०१ आत. १०.२८ ला नट तोंडावर अडला. १०.२६ ला तेल लावून दोन बोटांनी फिरला, पार शेवटपर्यंत, कुठेही जड नाही, कुठेही खुळखुळ नाही.

काम चकमधून काढायच्या आधी नट लावून पाहणं महत्त्वाचं. एकदा काढलं की पुन्हा त्याच आट्यात टूल बसवायला फार वेळ जातो.

८ फेब्रुवारी

स्क्रू उलटा धरून हँडलकडचा दांडा पूर्ण केला. आटे दुखू नयेत म्हणून ते चिरलेल्या ब्राँझच्या बाहीत धरले. खाच ८.७ मिमीवर आहे. तिच्या कोपऱ्यांना थोडी गोलाई दिली, नाहीतर पुढेमागे तडा तिथूनच जाईल.

१४ फेब्रुवारी

बसवला. नटाचा बोल्ट लगेच आवळला नाही. आधी स्लाइड पार माझ्याकडे घेतली, नटाला त्याची जागा शोधू दिली, मग आवळला. घाईत मधल्या जागी आवळला तर स्क्रू किंचित तिरका राहतो आणि टोकाला जड होतो.

ढिल मधल्या पट्ट्यात ०.०८, टोकाला ०.०८. यातली ०.०५ कॉलरची आहे, ती शिमने (पातळ चकतीने) कमी होईल.

जुना स्क्रू तेलकट कागदात गुंडाळून डब्यात ठेवला. पट्टी, दोन्ही आयडलर आणि हाताचं हँडल एका तारेत ओवून खिळ्याला लावलं, सोबत चिठ्ठी : ४०–३०–४५–६०, डावा, १ मिमी.

संध्याकाळी २० मिमीचा एक तुकडा घेतला. एक हात फिरवला, मोजला : १९.६२. हँडल एक भाग पुढे. एक भाग म्हणजे ०.०२, व्यासावर ०.०४. पुन्हा हात फिरवला. १९.५८.